पांच जिनसांचें पेय

गेल्या वैशाखांत माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशांतून सुटीवर पुण्यास आली असतां एका सायंकाळीं तिच्या घरीं जाण्याचा योग आला. तिच्या आईनें परसांत पुदिना, गवती चहा आणि तुळस लावली असून कोपऱ्यांत कागदी लिंबाचें एक जुनें झाड आहे. जमलेल्या मंडळींसाठीं मुलीनें जीं पेयें तयार केलीं त्यांचा पाला आणि फळें ह्या परसांतूनच खुडून आणलेलीं होतीं. तरुण मंडळींच्या पेल्यांत त्याखेरीज आणखीहि कांहीं होतें; माझ्या पेल्यांत तें नव्हतें. पुदिन्याचीं पानें तळहातावर ठेवून वरून हलकी चापट मारावी आणि तशींच पेल्यांत टाकावीं, चुरडूं नयेत, चुरडलीं तर कडवट होतात, अशी तिची शिकवण. हें चाललें असतां तिनें सहज विचारलें, “सर, ‘पंच’ हें पेय मूळचें आपलें, त्याचें नांव आपल्या ‘पांच’वरून पडलें, असें आपण बी. ए.च्या वर्गांत सांगितलें होतें. ते पांच जिन्नस कोणते?” मद्य, लिंबाचा रस, साखर आणि पाणी एवढे चार मीं झटकन् सांगितले, आणि पांचव्यापाशीं अडलों. कोणी जायफळ म्हणतात, कोणी चहा म्हणतात. ‘मसाला’ असें मोघम उत्तर देऊन मीं वेळ मारून नेली. परंतु जी गोष्ट वीस-पंचवीस वर्षें आपण निःशंकपणें शिकवीत आलों, तिच्या पांचांपैकीं एक आपणांसच ठाऊक नसावा, ह्याची रुखरुख लागली, आणि घरीं आल्यावर जुनीं प्रवासवर्णनें पुन्हा काढून बसलों.

ह्या व्युत्पत्तीचा मुख्य आधार म्हणजे डॉ. जॉन फ्रायर. शिवकालाच्या अभ्यासकास हा इंग्रज वैद्य चांगला परिचयाचा आहे. १६७२ सालीं तो कंपनीच्या नोकरींत इकडे येण्यास निघाला, पुढें मुंबई, सुरत, जुन्नर, कारवार इतक्या ठिकाणीं हिंडला, आणि १६९८ मध्यें त्याचा ग्रंथ लंडनास प्रसिद्ध झाला. नेरूल येथें उत्तम ‘अरक’ निघतो, त्यापासून ह्या किनाऱ्यावरील इंग्रज शरीर शिथिल करणारें ‘पाँच’ नांवाचें पेय करतात, आणि हिंदुस्थानींत ‘पांच’ म्हणजे पांच हा आंकडा, कारण त्यांत पांच जिन्नस पडतात, असें तो लिहितो. वैद्यच असल्यामुळें औषधांच्या मिश्रणांना घटकांच्या संख्येवरून नांव देण्याच्या आपल्या धंद्यांतील चालीची तो लगेच आठवण करून देतो. मात्र ते पांच कोणते, तें त्या ठिकाणीं तो सांगत नाहीं! १८८६ सालीं यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. त्यानें फ्रायरचा दाखला पुढें केला आणि तेव्हांपासून ही व्युत्पत्ति शाळा-कॉलेजांतून निर्धास्तपणें फिरूं लागली. माझ्यासारख्यांनीं तिला आणखी एक पिढी पुरविली.

आतां फ्रायरच्या आधीं काय सांपडतें तें पाहूं. ‘पंच’ हा शब्द पेयाच्या अर्थीं प्रथम आढळतो तो १६३२ सालच्या एका पत्रांत. कंपनीच्या रॉबर्ट ॲडम्स नांवाच्या नोकरानें पेटापोली येथील आपल्या एका व्यापारी मित्रास तें लिहिलेलें आहे, आणि त्यांत घरें नीट चालवा पण पंच पिऊं नका अशा अर्थाचा उपदेश आहे. म्हणजे त्या वेळींच ह्या पेयाविरुद्ध सावध करण्याची गरज उत्पन्न झाली होती. पेटापोली हें कोरोमांडल किनाऱ्यावरील गांव. तेथील भाषा तेलुगू. आणि तेलुगूंत पांचास ‘ऐदु’ म्हणतात. पुढें १६३८ मध्यें मँडेल्स्लो नांवाचा जर्मन तरुण सुरतेस उतरला. तो ‘पालेपुंट्झ’चें वर्णन करतो, आणि त्याच्या यादींत जिन्नस चारच आहेत : मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. १६५३ सालीं ला बुले ल गूझ ह्या फ्रेंच प्रवाशाचा ग्रंथ निघाला. त्यांतील ‘बोलेपोंज’मध्यें साखर, लिंबाचा रस, मद्यार्क, जायपत्री आणि भाजलेलें बिस्कुट हीं आहेत. हे मात्र मोजून पांच होतात. परंतु त्यांत पांचवें स्थान बिस्कुटाचें आहे, आणि पाणी नाहीं! बर्नियेनें बंगाल्यांत पाहिलेल्या पेयांत गुळाचा अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वर किसलेलें थोडें जायफळ, असे पुन्हा चार. ‘पाले’, ‘बोले’, ‘बूल’ हें सर्व इंग्रजी ‘बाउल’चें, म्हणजे वाडग्याचें, परक्या कानांनीं केलेलें रूप होय. सारांश, संख्या स्थिर नाहीं. स्थिर आहे तो वाडगा.

उच्चाराची अडचण तर ह्याहूनहि मोठी. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रज ‘पंच’ हा शब्द ‘पुंच’ असा उच्चारीत, हें फ्रेंचांच्या ‘पोंज’वरून आणि जर्मनांच्या ‘पुंट्झ’वरून उघड दिसतें. आमचा ‘पांच’ दीर्घ ‘आ’चा, त्याचा ‘पुंच’ होणें कठीण. फ्रायरनें शब्द ‘पाँच’ असा लिहिला, तो मला तरी ऐकून लिहिल्यासारखा दिसत नाहीं, व्युत्पत्ति आधीं सुचली आणि अक्षरें तिच्या मापानें बेतलीं, असा दिसतो. विद्वानांची ही खोड जुनीच आहे. उलट पक्षीं, ‘पंचन’ म्हणजे मद्याचें मोठें पिंप, त्यावरून खलाशांनीं ‘पंच’ हें नांव काढलें, असें कांहीं म्हणतात. उच्चार त्यांच्या बाजूचा आहे, परंतु पिंपांतून वाडग्यांत शब्द उतरतांना कोणीं पाहिला, असा लेखी पुरावा त्यांच्याहि जवळ नाहीं. तेव्हां वर्गांत जें मी सिद्धांत म्हणून सांगत होतों तें फार तर एक आकर्षक अनुमान आहे, आणि पंचामृताशीं त्याची सांगड घालून मुलांकडून मिळविलेलीं हास्यें मला परत केलीं पाहिजेत.

नांव हातचें गेलें तरी वस्तूवरील आपला हक्क पुष्कळसा शाबूत आहे. सुरत-मुंबईच्या इंग्रजास बियर आणि वाइन विलायतेहून आणावी लागे. समुद्रावरील उष्म्यानें ती नासे, आणि पोंचली तर महाग पडे. येथें मात्र माडाच्या माडीपासून काढलेला अरक दाराशीं मिळे, लिंबें मिळत, साखर मिळे, जायफळ-जायपत्री बंदरांतून जात-येत असे. ‘अरक’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळीवर जमणारे थेंब पाहून तो पडला असावा. गोव्यांत काजूच्या बोंडांच्या पहिल्या ऊर्ध्वपातनास आजहि ‘उर्राक’ म्हणतात, तो हाच शब्द. आणि काजू स्वतः पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणलेला. त्या अरकाची उग्रता लिंबानें आणि साखरेनें मोडावयाची, हीच पंचाची सारी युक्ति. युक्ति इतकी चांगली साधली कीं पिणारास आपण काय पितों ह्याचें भान राहिनासें झालें. ह्या पेयाचें चापल्य जिभेवर आहे, घात शरीरावर आहे, अशा आशयाचें बर्निये लिहितो, आणि त्याचें सेवन कमी केल्यापासून बंगाल्यांतील इंग्रज-डचांत मृत्यु कमी झाले असें आपलें निरीक्षण नमूद करतो. १६८९ सालीं इकडे आलेला पाद्री ओव्हिंग्टन मुंबईविषयीं प्रचलित असलेली एक म्हण देतो. तिचा भावार्थ असा कीं माणसाचें आयुष्य तेथें दोन पावसाळ्यांचें. सर्व दोष पंचाचा नव्हता, दलदल आणि ताप ह्यांचा वांटा मोठा होता. तथापि वाडग्याचाहि होता.

येथें कोणी विचारील, फळें-पानें घालून घरीं मद्य करण्याची रीति ह्या देशांत त्यापूर्वीं नव्हती काय? होती, आणि भरपूर होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौऱ्यायशीं आसवांची मोजदाद आहे : धान्यांचीं ६, फळांचीं २६, मुळांचीं ११, झाडांच्या साराचीं २०, फुलांचीं १०, कांडांचीं ४, पानांचीं २, सालींचीं ४ आणि साखरेचें १. कौटिलीय अर्थशास्त्र, जें शामाशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून उजेडांत आणलें, त्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणांत आंब्याच्या रसाची सुराहि आहे. त्याच प्रकरणांत एक लक्ष्यांत ठेवण्यासारखी सवलत आहे. मद्याचा व्यापार राजाच्या ताब्यांत असतांहि कुटुंबवत्सल गृहस्थांस मंगलकार्यांत पांढरी सुरा आणि औषधाकरितां अरिष्ट घरीं करण्याची मुभा होती. उत्सव, जत्रा, यात्रा ह्यांच्या वेळीं चार दिवसांची परवानगी मिळे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा सांगणाऱ्या आमच्या महाराष्ट्रांत परवान्याशिवाय घरीं मद्य गाळणें आजहि गुन्हा आहे. कौटिल्य आमच्याहून सैल होता असें म्हणवत नाहीं, कारण महसुलाच्या बाबतींत तो कवडी सोडीत नसे. पण घराचा उंबरठा त्यानें ओळखला होता.

मात्र आसव आणि पंच ह्यांत जो भेद आहे तो नीट समजून घेतला पाहिजे. आसवांत फळ स्वतःच आंबून मद्य होतें. त्यास दिवस लागतात, कधीं महिने लागतात, आणि सर्व कांहीं त्या एका घड्यांत घडतें. पंचांत मद्य बाहेरून आयतें येतें. फळ, पान, साखर हीं त्याला क्षणांत भेटतात आणि क्षणांत संपतात. आजच्या घरगुती ‘कॉकटेल’चा वंश ह्या दुसऱ्या प्रकारांतला आहे. त्यांत घरचें काय आणि विकतचें काय, ही वांटणी पंचाच्या वाडग्यापासूनच सुरू होते.

पंचाखेरीज आणखी दोन शब्द पूर्वेकडून इंग्रजी घरांत शिरले, आणि त्यांची व्युत्पत्ति मात्र वादातीत आहे. अरबी धातु ‘शरब’, म्हणजे पिणें. त्यापासून शराब, त्यापासून शरबत, त्यापासूनच औषधाच्या बाटलीवरील ‘सिरप’. आमच्या बोलण्यांत शरबत सोज्वळ आणि शराब बदनाम. सख्ख्या बहिणींची अशी ताटातूट क्वचितच झाली असेल. इंग्रजांनीं ‘शर्बेट’ घेतलें, आणि ‘श्रब’हि घेतलें. हें ‘श्रब’ म्हणजे लिंबू किंवा नारिंगाचा रस, साखर आणि रम अथवा ब्रँडी ह्यांचें मुरवून ठेवलेलें मिश्रण. पाहुणा आला कीं त्यांत पाणी घालावें आणि पुढें करावें. आपल्या घरीं कैरीच्या पन्ह्याचा गर करून ठेवतात, तसें.

दुसऱ्या शब्दाची कथा ह्याहून विलक्षण. फारसींत गुल म्हणजे गुलाब आणि आब म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे मूळचें गुलाबपाणी. अरबींत ‘ग’ नाहीं, म्हणून तो ‘जुलाब’ झाला आणि वैद्यांच्या हातीं गोड औषधी पाकाचा वाचक बनला. तेथून दोन वाटा फुटल्या. एक वाट इकडे आली, आणि वैद्य-हकिमांनीं त्या गोड पाकाचा रेचकाकडे विशेष उपयोग केल्यामुळें मराठींत ‘जुलाब’ ह्याचा जो अर्थ झाला तो सांगण्याची आवश्यकता नाहीं. दुसरी वाट लॅटिन-फ्रेंचांतून इंग्लंडांत गेली आणि ‘जुलेप’ झाली. मिल्टनच्या १६३४ सालीं प्रयोग झालेल्या ‘कोमस’मध्यें हा शब्द आहे, तो हृदयास आल्हाद देणाऱ्या पेयाच्या अर्थीं. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत जुलेप हें अद्यापि औषधच आहे. पण १८०३ सालीं जॉन डेव्हिस नांवाच्या इंग्रज प्रवाशाचें अमेरिकेचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें, त्यांत जुलेप म्हणजे पुदिना घातलेला मद्याचा पेला, आणि व्हर्जिनियाचे लोक तो सकाळींच घेतात, अशी नोंद आहे. पन्नास वर्षांच्या आंत औषधाचा अनुपान-पाक गेला आणि मद्य आलें. औषधाची आठवण म्हणून राहिली ती पुदिन्याची काडी. व्हर्जिनियांत पुष्कळ दिवस तें हिवतापावरील प्रतिबंधक म्हणूनच सकाळीं घेत, असें समर्थन केलें जाई. औषध म्हणून घेण्याची ही सबब मात्र सर्व देशांत एकाच व्युत्पत्तीची आहे.

अठराव्या शतकांत पंच विलायतेंत आणि अमेरिकेंत घरोघर पोंचलें होतें. होगार्थनें १७३३ च्या सुमारास कोरलेल्या एका प्रसिद्ध चित्रांत मध्यरात्रीं बरळत बसलेल्या मंडळींच्या मधोमध पंचाचा वाडगा आहे, आणि लिंबाच्या सालींचीं वलयें लोंबत आहेत. ह्याहून सभ्य पंच हवें असेल तर बेंजामिन फ्रँकलिननें ११ ऑक्टोबर १७६३ रोजीं आपल्या एका मित्रास लिहून पाठविलेली कृति पाहावी. ४४ लिंबांच्या पातळ साली ६ क्वार्ट ब्रँडींत चोवीस तास भिजत ठेवावयाच्या. नंतर ४ क्वार्ट पाणी, ४ मोठीं जायफळें किसून, २ क्वार्ट लिंबाचा रस आणि २ पौंड शुभ्र साखर घालावयाची. साखर विरघळली कीं ३ क्वार्ट दूध उकळून तें कढत कढतच त्यांत ओतावयाचें. दूध अर्थातच फाटतें. दोन तासांनीं तें कापडी पिशवींतून गाळीत राहावयाचें, तोंवर कीं पेय निवळशंख उतरेल. फाटलेल्या दुधाचा चोथा मद्यांतील तुरट आणि गढूळ अंश आपल्याबरोबर ओढून नेतो, म्हणून हें पेय महिनोन् महिने टिकतें. विजेचा शोध घेणाऱ्या माणसाला शोभेल अशीच ही कृति. आणि पनीर नासवणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस ती वाचतांक्षणीं कळेल.

आतां त्या दोन पौंड साखरेविषयीं. ही साखर आणि तिच्या मळीची रम वेस्ट इंडीजच्या बेटांतून येत असे, आणि तेथें ऊस पिकविणारे हात आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते. १७९१ सालीं विल्यम फॉक्स ह्यानें साखर वर्ज्य करण्याचें आवाहन करणारें पत्रक काढलें, तेव्हां इंग्लंडांतील असंख्य घरांनीं ती बंद केली. हा विचार प्रथम स्वयंपाकघरांत झाला, पार्लमेंटांत नव्हे, हें मला महत्त्वाचें वाटतें. लिंबू बागेंतलें, पुदिना वाफ्यांतला, परंतु त्यांना एकत्र आणणारी साखर कोठली, हें विचारण्याचें काम त्या गृहिणींनीं केलें.

व्हर्जिनियांत तर हा प्रश्न साखरेपुरता नव्हता; पुदिना खुडणारा हातहि बहुधा गुलामाचा असे. रिचमंड येथें जॉन डॅबनी नांवाचा एक कृष्णवर्णी गुलाम होता. मिंट जुलेप करण्यांत त्याच्या तोडीचा दुसरा नाहीं, अशी त्याची ख्याति. कुटलेल्या बर्फानें गच्च भरलेला पेला, वर फळें आणि पुदिन्याचा तुरा, असा त्याचा जुलेप पाहण्यासहि लोक येत. मालकानें त्याला कामास लावलें होतें, आणि मिळकतींतील कांहीं भाग आपल्यापाशीं ठेवण्याची त्याला मुभा होती. तो पैसा सांठवून त्यानें प्रथम पत्नीस विकत घेऊन मुक्त केलें. मग स्वतःच्या सुटकेची किंमत तो फेडीत असतां यादवी युद्ध संपलें, गुलामगिरी नष्ट झाली, आणि फेडण्याचें कांहीं कारण उरलें नाहीं. तरीहि मालकिणीस कबूल केलेली बाकी त्यानें चुकती केली. रिचमंडच्या गोऱ्या समाजानें ह्या गोष्टीचें पुढें फार कौतुक केलें. मला तें कौतुक वाचवत नाहीं. ज्यानें आपल्याच देहाची किंमत हप्त्यानें भरावी, त्याच्या प्रामाणिकपणाचे गोडवे ती किंमत लावणाऱ्यांनीं गावे, हें पुदिन्याच्या सुवासाखालीं झांकलें जाण्यासारखें नाहीं.

डॅबनीच्या पेल्यांतील बर्फाचा मात्र आपल्याशीं थेट संबंध आहे. फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्यानें हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून, लांकडाच्या भुशांत बांधून, उष्ण देशांस पाठविण्याचा धंदा काढला. १८३३ सालीं त्याचें ‘टस्कनी’ जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघालें, आणि चार महिन्यांनीं शंभर टनांच्या आसपास बर्फ तेथें उतरलें. पुढें मद्रास आणि मुंबई येथेंहि बर्फघरें झालीं. गुलाबपाणी फारसमधून निघून जुलेप होत अमेरिकेस गेलें, आणि त्याला थंड करणारें तेथील पाणी गोठून मुंबईस आलें.

‘कॉकटेल’ ह्या शब्दाविषयीं एवढेंच. १८०६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन येथील एका वृत्तपत्रानें त्याची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पुन्हा चारच जिन्नस! त्यांत ना फळ, ना पान. १८६२ सालीं जेरी टॉमस ह्याचें मिश्रपेयांवरील पुस्तक न्यूयॉर्क येथें निघालें, त्यांत पंचांचाच भरणा मोठा आहे. पण पुढील पिढ्यांत वाडगा मागें पडला आणि एकेकट्याचा पेला पुढें आला. वाडग्यास दहा माणसें लागतात, निवांत वेळ लागतो. गुत्त्यांत हीं दोन्ही दुर्मिळ. आज माझ्या विद्यार्थिनीसारखीं तरुण माणसें पुन्हा परसांत जाऊन पानें खुडूं लागलीं आहेत, तीं नकळत वाडग्याकडेच वळलीं आहेत. तिच्या घरीं त्या सायंकाळीं मधोमध काचेचें एक मोठें भांडें होतें खरें.

मीं तिला सविस्तर पत्र पाठविलें, वर्गांतील विधान मागें घेतलें, आणि मँडेल्स्लोची गुलाबपाण्याची यादी मद्यार्क वगळून करून पाहण्याची शिफारस केली; तीन जिन्नस उरतात, आणि उन्हाळ्यांत तें पेय फार उत्तम लागतें, हा माझा अनुभव आहे. तिचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. पेय आवडलें, असें तिनें लिहिलें होतें. खालीं एक ओळ होती : त्या वर्गांत आम्ही ऐंशीजण होतों, सर, बाकीच्यांना कोण कळविणार?